लेझरनंतरची सहा वर्षं आणि एक काळा चष्मा

२० मार्च. आमच्या गिरणीच्या दगडांना टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडायला, कारागीर आला आहे, म्हणून आज दळण बंद. पट्ट्यावर, भिंतीवर, खिडकीच्या गजांवर साचलेलं पीठ मी झाडून काढते आहे आणि मधेमधे पायरीवर बसून हे लिहिते आहे. छिन्नीचा आवाज असा आहे की कुणी बोलायला येत नाही. एवढी सवड मला पुन्हा लवकर मिळायची नाही.

समोर ओट्यावर माझे पती भास्करराव खुर्ची टाकून बसले आहेत. डोळ्यांवर काळा चष्मा. गावाला वाटतं त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. ऑपरेशन झालं ते लघवीच्या वाटेचं, आणि तेही दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी त्यांनी साऱ्या गावाला सांगितलं. दुसऱ्या वेळी चष्मा विकत आणला.

आमची मुलगी प्रज्ञा नांदुऱ्याला दिलेली आहे. ती म्हणाली, "आई, तू लिहून काढ. ते दुसऱ्यांच्या कामी येईन." लिहिते. पण हे छापायचं की नाही ते भास्करराव ठरवतील. आजार त्यांचा आहे. वैताग तेवढा माझा.

गाठ

भास्करराव एस.टी.त कंडक्टर होते. कंडक्टरची लघवी गाडीच्या वेळापत्रकाप्रमाणे होते, शरीराच्या नाही. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी ती दाबून धरली. नोकरीच्या शेवटच्या काळात उलटं झालं. प्रत्येक थांब्यावर उतरायला लागले, आणि उतरून उभे राहिले की येईना. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. म्हणायचा, "भास्करभाऊ, गाडी डिझेलसाठी कमी अन् तुमच्यासाठी जास्त थांबून राह्यली."

घरी विचारलं की उत्तर ठरलेलं. "वयाचं हाय. साऱ्याईलेच होते."

साऱ्यांना होतं म्हणून त्यावर औषध नसतं असं कुठे आहे? पण दोन वर्षं काढे झाले, कुणीतरी सांगितलेला पाला झाला, मुतखड्याचं औषध झालं. मुतखडा नव्हताच. शेवटी मी रजा टाकायला लावली आणि बुलढाण्याला घेऊन गेले.

डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली आणि सांगितलं, की मूत्राशयाच्या तोंडाशी पुरुषांना एक ग्रंथी असते, ती वाढली आहे. ही गाठ कॅन्सरची नाही. लेझरनं आतला वाढलेला भाग काढता येईल. आणखीही दोन गोष्टी सांगितल्या: इतकी वर्षं जोर लावून मूत्राशय थकलं आहे, ते एकदम तरुण होणार नाही. आणि ऑपरेशननंतर दरवर्षी येऊन तपासून जायचं.

भास्कररावांनी यातलं 'गाठ' एवढंच ऐकलं. परतीच्या गाडीत ओळखीच्या कंडक्टरनं जागा करून दिली तरी बसले नाहीत. मेहकरपर्यंत दाराजवळच्या दांड्याला धरून उभे होते. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "प्रज्ञाच्या लेकराले शाळेत जाताना पाहीन ना मी?"

मी म्हटलं, "कॅन्सर नाही म्हणाले ते. तिथंच बसला होता ना तुम्ही?"

"हाव, पण तोंडावर कोण सांगते?"

वॉर्ड

लेझर म्हटल्यावर आमची समजूत अशी होती, की दिवा दाखवतील आणि घरी सोडतील. तसं नसतं. कमरेखाली भूल देतात, लघवीच्या जागी नळी घालतात आणि त्या नळीतून पाणी सोडत राहतात. पिशवीत आधी लाल पाणी येतं, मग गुलाबी, मग स्वच्छ. दिवसभर त्या पिशवीचा रंग बघत बसायचं एवढंच सोबतच्या माणसाचं काम.

त्या वॉर्डात खाटांवर सगळे म्हातारे आणि खाटांखाली सतरंजीवर सगळ्या बायका. पुरुष छताकडे पाहत पडलेले. बोलायचो आम्ही बायका. "तुमची गुलाबी झाली काय हो?" "आमची अजून लालच हाय." पापडाच्या पिठाबद्दल बोलावं तसं आम्ही पिशव्यांबद्दल बोलायचो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको देऊळगावकडची होती. तिनं मला न विचारता भाकरीवर ठेचा घालून दिला आणि म्हणाली, "खा बाई. ते मरत नाहीत. आपणच उपाशी मरू." आणि एक नर्स होती, जी नळी बघायच्या आधी प्रत्येक वेळी पडदा ओढायची. बाकीच्यांना तेवढं सुचायचं नाही. भास्करराव तिला अजूनही 'पडदेवाली ताई' म्हणतात.

नळी काढल्यावर काही आठवडे थेंब गळत राहिले. खोकला आला, उठून उभं राहिलं, की कपडे ओले. दुकानातले पॅड घ्यायला यांनी साफ नकार दिला, ते बायकांचे दिसतात म्हणून. मी जुन्या सुती लुगड्याच्या घड्या केल्या, लहान मुलाला करतात तशा. त्या चालल्या. पुढे गळणं आपोआप थांबलं. थांबतं, हे आधी माहीत असलं म्हणजे माणूस घाबरत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते. या ऑपरेशननंतर संबंधाच्या वेळी बहुतेक पुरुषांचं वीर्य बाहेर येत नाही, मागं मूत्राशयात जातं आणि लघवीवाटे निघून जातं. त्यानं काही अपाय होत नाही. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं, पण ते सांगत असताना भास्करराव खिडकीबाहेर बघत होते. नंतर घरी एवढे घाबरले की दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी मीच विषय काढला, डॉक्टरांचं वाक्य परत सांगितलं, आणि पोळ्या लाटायला घेतल्या. नवराबायकोनं मिळून ऐकावं आणि दोघांनीही खिडकीबाहेर बघू नये, एवढाच माझा सल्ला आहे.

गॅरंटी

मग चांगले दिवस आले. खरंच चांगले. लघवीची धार सुटायला लागली. मेहकरपर्यंतचा प्रवास न उतरता व्हायला लागला. निवृत्तीनंतर आमच्या बीबी गावच्या स्टँडजवळ चहाच्या टपरीवर यांची बैठक सुरू झाली आणि तिथं हे लेझरचे प्रवक्ते झाले.

कुणी वरचेवर आडोशाला जाताना दिसला, की हे त्याला हेरायचे. "काऊन रे, धार पातळ झाली काय?" टपरीवर, चारचौघात! पण लोकांना ते बरंच वाटायचं. जी गोष्ट बायकोलाही सांगवत नाही, ती एक माणूस मोठ्यानं बोलतो आहे. हे त्यांना बुलढाण्याला घेऊन जायचे, डॉक्टरांना दाखवायचे, ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसायचे. गावातले सहा-सात जण यांनी असे नेले. नेताना सांगायचे, "गाठच काढून टाकतात बुडापासून. परत येत नाही. मले पाहा. माही गॅरंटी."

वर्षानं तपासून यायचं, हे त्या गॅरंटीत बसत नव्हतं. मी आठवण केली, की म्हणायचे, "गाठच नाही तर तपासू काय?"

आता एक गोष्ट बाहेरच्या वाचकाला सांगायला हवी. पेशंट घेऊन जाणाऱ्या माणसाला दवाखान्याकडून 'कट' मिळतो, असा आमच्याकडे समज आहे. कुठे खरा असेल, कुठे खोटा. यांनी कधी एक रुपया घेतला नाही, उलट चहापाणी स्वतःच्या खिशातून केलं. तरी टपरीवर एखादा बोलून जायचाच, "भाऊचं काय, भाऊले कट भेटते." हे हसण्यावारी न्यायचे, पण घरी आल्यावर जेवताना गप्प असायचे. ज्या माणसानं आयुष्यभर तिकिटाचा हिशेब चोख ठेवला, त्याला हा शब्द लागतो.

नळ

मला संशय आला तो पाण्याच्या टाकीवरून.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. टाकी भरून ठेवायची आणि पुरवून वापरायची. मागच्या पावसाळ्यापासून टाकी लवकर रिकामी व्हायला लागली. मी गळती शोधली, तोटी बदलली. मग लक्षात आलं, की भास्करराव संडास-बाथरूमला गेले की नळ सोडतात आणि ते बाहेर येईपर्यंत तो चालूच असतो. पुष्कळ वेळ.

"एवढं पाणी कशाले लागते तुम्हाले?"

"स्वच्छता ठेवतो. ठेवू नको काय?"

स्वच्छता नव्हती. थेंब थेंब होणाऱ्या लघवीचा आवाज मला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडत होते. शिवाय पाणी पिणं कमी केलं होतं. संध्याकाळनंतर पाण्याला शिवायचेच नाहीत. मी सरळ विचारलं, "परत सुरू झालं काय?"

"काही सुरू नाही झालं. तू उगाच डॉक्टरकी करून राह्यली."

"बुलढाण्याले दाखवून येऊ."

"तिथं कोणी आपल्याकडचं भेटलं तं? काय म्हणीन? का गॅरंटी संपली?"

मी चिडले, बोलले, टाकीला कुलूप लावायची धमकी दिली. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्याच्या धारेची चौकशी चारचौघात करणारा माणूस स्वतःची धार नळाखाली लपवत होता.

नांदुरा

थंडीत प्रज्ञाच्या सासरी नव्या घराचा कार्यक्रम होता. भास्कररावांना सर्दी झालेली. मेडिकलवरून सर्दीच्या गोळ्या आणल्या आणि दोन दिवस घेतल्या. अशा काही गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं आणि लघवी अडते, हे आम्हाला माहीत नव्हतं. ज्यांना हा त्रास आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी सर्दीची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. हे वाक्य इतर कुणी वाचलं नाही तरी चालेल, पण ज्याला लागू आहे त्यानं दोनदा वाचावं.

बुद्धवंदना झाली, पाहुणे जेवायला बसले. हे पंगतीतून उठले, बाथरूमला गेले, परत आले, परत गेले. नळाचा आवाज मला मांडवात ऐकू येत होता. मग आवाज थांबला आणि हे दाराची चौकट धरून उभे राहिले. कपाळावर घाम, पोट खाली टम्म. म्हणाले, "सुमन, बिलकुलच येत नाही."

तेवढ्यातही पुढचं वाक्य काय, तर "पोट बिघडलं म्हणून सांग."

जावयानं गाडी काढली. तिथल्या दवाखान्यात नळी घातली आणि एवढी लघवी निघाली, की पिशवी भरली, दुसरी लावावी लागली. भास्कररावांनी डोळे मिटून घेतले. वेदना थांबली की माणसाचा चेहरा लेकरासारखा होतो. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, ते राहून गेलं.

डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि रक्त पाहिलं. किडन्या सुजल्या होत्या. लघवी बऱ्याच महिन्यांपासून पूर्ण निघतच नव्हती, आत साचून मागं किडनीवर दाब देत होती. "ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे उद्याच जा," ते म्हणाले.

बाक

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं आतून पाहिलं. गाठ परत वाढलेली नव्हती. लेझर केलं त्या जागी, मूत्राशयाच्या तोंडाशी, जखम भरताना वण आवळत गेला होता आणि वाट सुईच्या नेढ्याएवढी उरली होती. असं काही जणांना होतं, ते म्हणाले, साऱ्यांना नाही. लवकर कळलं तर सोपं असतं. कुणाची उरलेली ग्रंथी वर्षांनी पुन्हा वाढते. कुणाचं मूत्राशयच थकलेलं असतं. आणि ग्रंथीचं बाहेरचं साल आतच असतं, त्यामुळे रक्ताची एक तपासणी पुढेही करत राहावी लागते. लेझर झालं म्हणजे कॅन्सरची शक्यता संपली असं नाही.

मग त्यांनी विचारलं, "मागच्या तपासणीला कधी आला होतात?"

मी म्हटलं, "आलेच नाहीत."

"असं कसं? मी तर यांना नेहमी बघतो."

बघत होतेच. हे पेशंट घेऊन जायचे, डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसायचे, डॉक्टर जाता-येता नमस्कार करायचे, हे हसून नमस्कार करायचे. पाच वर्षं! दुसऱ्यांच्या फायली मांडीवर धरून हा माणूस त्या बाकावर बसत होता. शेवटच्या वर्षी तर तिथल्याच संडासात नळ सोडून लघवी करत होता. एकदाही आत जाऊन म्हणाला नाही, की डॉक्टरसाहेब, माझंही बघा.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला. मला रागावलेलं चाललं असतं.

वण कापायचं ऑपरेशन लहान होतं. काही दिवस नळी, मग मोकळं. किडनीचे आकडे खाली आले, पण पूर्ण जागेवर आले नाहीत. जाताना डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांनी दाखवायचं म्हणजे दाखवायचं. हा वण पुन्हा आवळू शकतो. आणखी एकदा असं तुंबलं, तर किडनीची मी हमी देणार नाही. मग दर हप्त्याला डायलिसिसच्या मशीनवर यावं लागेल."

चष्मा

घरी येताना चिखलीला गाडी थांबली, तिथं यांनी काळा चष्मा घेतला. मी विचारलं, हे काय. म्हणाले, "इतके दिवस बाहेर होतो. लोकं विचारतीन. मोतीबिंदू सांगू."

मी म्हटलं, मी खोटं बोलणार नाही. म्हणाले, "तू नको बोलू. तू गप राहा."

पण लोक गप्प राहू देतात का? बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. एकानं विचारलं, "कोणत्या डोळ्याचं?" हे म्हणाले डाव्या. दुपारी शेजारीण आली, तिला उजव्या म्हणाले. टपरीवर दोघांची गाठ पडली, तेव्हापासून दोन्ही डोळ्यांचं झालं आहे. नामदेवभाऊ, यांचे लहानपणचे मित्र आणि यांच्या गॅरंटीवर लेझर केलेले पहिले पेशंट, शेतातली गाजरं घेऊन आले, डोळ्यांना चांगली म्हणून. आठवडाभर आम्ही गाजरं खाल्ली.

हे सगळं हसण्यासारखं आहे. पण तीन महिन्यांची तपासणी गेल्या सोमवारी होती. सकाळी तयार होऊन आम्ही स्टँडवर गेलो. गाडीत बीबीचे दोघे ओळखीचे बसलेले दिसले, आणि भास्करराव माघारी फिरले. "पुढच्या सोमवारी जाऊ." परवापासून बाथरूममधला नळ पुन्हा जरा जास्त वेळ वाहतो आहे.

चारचौघांत मान खाली जाऊ नये म्हणून हा माणूस किडन्या घालवून बसेल. मी काय करू? उचलून नेऊ?

दुपार

कारागीर जेवायला गेला होता आणि मी वरचं वाक्य लिहून पाणी प्यायला उठले, तेवढ्यात नामदेवभाऊ आले. ओट्यावर बसले. मी दारातच होते. सगळं ऐकलं, ते जसंच्या तसं लिहिते.

"डोळा कसा काय भाऊ?"

"ठीक हाय."

नामदेवभाऊंनी टोपी काढली, परत घातली. "एक विचारू काय? उन्हाळी लागली तं दवाखान्यात जा लागते काय हो?"

"काऊन? तुले लागली?"

"आग होते. अन् धार नाही. थेंब थेंब येते. धन्याचं पाणी पेतो, सब्जा पेतो."

"किती दिवसापासून?"

"दिवाळीपासून."

मी दारातून म्हटलं, "दिवाळीत कोणती उन्हाळी लागते, नामदेवभाऊ?"

ते माझ्याकडे बघून ओशाळले. "तसं नाही वहिनी. मले समजते. लेझरचंच हाय ते. पण भाऊनं सांगतलं होतं, परत येत नाही. म्हटलं, आपल्यालेच आलं असन."

भास्करराव म्हणाले, "मंग बोलला काऊन नाही आतालोक?"

"कसं बोलू? मी बोललो असतो तं टपरीवर काय झालं असतं? म्हणले असते, भास्करनं कट खाल्ला अन् नामदेवले फसवलं. मले माहीत हाय, तिथं चहासुद्धा तुम्ही तुमच्या खिशातून पाजला आमाले. म्हटलं, आपल्या एकट्याच्या मुतण्यापायी भाऊचं नाव कशाले खराब करा? सहन होते तोवर करू."

त्या एका वाक्यात मला माझा नवरा दोन ठिकाणी बसलेला दिसत होता, एक खुर्चीत आणि एक नामदेवभाऊंच्या जागी.

मग त्यांनी चष्मा काढला. "नामदेव, माहे डोळे चांगले हायेत."

"मंग?"

"खालचं ऑपरेशन झालं. लेझरच्या जागीच. नांदुऱ्याले पूर्ण बंद झाली होती. किडन्या सुजल्या."

नामदेवभाऊंनी वाकून यांच्या एका डोळ्यात पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्यात पाहिलं. आतापर्यंत 'भाऊ' आणि 'तुम्ही' म्हणणारा माणूस एकदम शाळेतल्या भाषेवर आला. "अन् मी तुले डोळ्यासाठी गाजरं आणली ना बे! डोक्यावर आणली, शेतातून!"

"खाल्ली ना. चांगली होती."

"चांगली होती म्हणते! लाज नाही वाटत बे तुले?"

"वाटते. म्हणून तं चष्मा लावला."

दोघे हसले. मग नामदेवभाऊंचं हसू थांबलं आणि ते म्हणाले, "माह्या किडन्या?"

त्यावर भास्कररावांनी त्यांना सारं सांगितलं. वण, सर्दीच्या गोळ्या, पाणी न पिण्याची चूक, रक्ताची तपासणी. एवढं नीट सांगितलं, की मला कळलं, डॉक्टरांचा प्रत्येक शब्द त्यांनी ऐकलेला होता. या वेळी ते खिडकीबाहेर बघत नव्हते. सोमवारची वाट पाहायची नाही, परवा दोघांनी मिळून जायचं ठरलं. मी तिथल्या तिथं दवाखान्यात फोन लावून दोन्ही नावं सांगितली.

नामदेवभाऊ गेल्यावर मी विचारलं, "अन् बाकीचे? ज्याईले तुम्ही नेलं ते? त्याईच्यातला एकही वर्षाची तपासणी करत नाही."

"सांगतो ना. हळूहळू, एकेकाले."

तेहतीस वर्षं मी यांचं 'हळूहळू' ओळखते. कारागिरानं दगड बसवून दिले, मी चिमूटभर ज्वारी घालून चालवून पाहिले, आणि हे लिहिलेलं सगळं यांना वाचायला दिलं. यांनी वाचलं. 'नळ' वाचताना तोंड वाकडं केलं. शेवटी म्हणाले, "छापायचं तं छाप. पण गावानं आधी माह्या तोंडून ऐकलं पाहिजे."

"कधी?"

"पाहू."

दुसऱ्या दिवशी

आज सकाळी भास्करराव टपरीकडे निघाले, तेव्हा मी गिरणीचं शटर खाली ओढलं आणि सोबत निघाले. म्हणाले, "तू कुठं?" मी म्हटलं, चहा प्यायला.

त्या टपरीवर बायका बसत नाहीत. मी बसले. बाकावरचे सगळे सरकले, गरजेपेक्षा जास्तच. यांनी नेलेल्यांपैकी तिघं तिथं होते, नामदेवभाऊ होते, आणि 'कट भेटते' म्हणणाराही होता. एकानं विचारलं, "भाऊ, चष्मा काढला? डोळे सुधरले वाटते." भास्कररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्यांना चहा सांगितला, माझा कप हातात घेतला, आणि त्यांनी पहिलं वाक्य बोलेपर्यंत तो तोंडाला लावला नाही.